शाफ्टचं रबर बुश: आपल्या ट्रॉलरला आणि अमेरिकन डॉक लँडिंग जहाजालाही हेच, रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. मालाला पाचही दिले असते, एक कापलाय तो विकणाऱ्यांमुळे आणि थोडा आवाजामुळे, ते खाली येतंच.

आधी वस्तू काय ते सांगतो, कारण बेअरिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर चाकातलं गोळ्यांचं बेअरिंग येतं. हे ते नव्हे. यात गोळ्या नाहीत, रोलर नाहीत, फिरणारं असं काहीच नाही. पितळेची नळी, आतून रबर चिकटवलेलं आणि त्या रबरात लांबीभर खाचा, बस. शाफ्ट त्यात फिरतो, खाचांतून समुद्राचं पाणी वाहतं, तेच वंगण आणि थंड करायलाही तेच. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात आम्ही रबर बुश म्हणतो, कॅटलॉगमध्ये कटलेस बेअरिंग लिहिलेलं असतं. कटलेस हे खरं तर ब्रँडचं नाव, पण आता कुणाचाही माल असो सगळे त्याच नावाने मागतात.

माझं काम बोटीची इंजिनं आणि शाफ्ट लाईन. लाकडी ट्रॉलर होता, लेलँडचं मरिनाइज केलेलं (बोटीसाठी बदलून घेतलेलं) इंजिन, दोन इंची शाफ्ट, मागे पंख्याजवळ गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) बुश आणि वर ग्रीस कप. मालकाची तक्रार एकच, की दर सीझनला बुश जातो आणि बुशबरोबर शाफ्ट पण कापला जातो, मग लेथवर नेऊन टर्न करा, शाफ्ट बारीक झाला म्हणून बुश परत वेगळ्या मापाचा करा, असं करत करत शाफ्टचीच वाट लागते. आमच्या बंदरात गाळ किती साचतो ते इथल्या कुणाला सांगायला नको. भरती नसताना पंखा अक्षरशः चिखल ढवळत बाहेर निघतो, आणि ती वाळू ग्रीसमध्ये मिसळली की आत ग्राइंडिंग पेस्टच तयार होते. गनमेटल नरम, वाळूचा कण त्यात रुतून बसतो आणि मग तिथे बसल्या बसल्या शाफ्ट कापत राहतो.

म्हणून तिथे रबर बुश घातला. रबरात उलटं होतं. कण आला की रबर दबतं, शाफ्ट कणावरून फिरतो, कण घरंगळत पुढच्या खाचेत पडतो आणि पाण्याबरोबर बाहेर. रुतत नाही म्हणून कापत नाही. पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात बोट वर घेतल्यावर शाफ्ट ओढून बघितला तेव्हा बुशच्या जागी शाफ्टवर नुसती चकाकी होती, नख फिरवलं तर अडकत नव्हतं. मालक खूश, मी पण खूश, लेथवाला सोडून सगळे खूश.

आता रबर म्हटलं की माणूस विचारतो, अरे रबर तर पकडतं, घसरणार कसं? रबरी चप्पल घालून कोरड्या फरशीवर उभे राहा आणि मग त्याच चपलेने मासळी बाजाराच्या ओल्या फरशीवर जरा जोरात चाला, उत्तर मिळेल. पाण्याचा पातळ थर मध्ये आला आणि शाफ्टला पुरेसा वेग मिळाला की शाफ्ट रबराला टेकतच नाही, पाण्यावर तरंगतो. पाणी नसेल तर मात्र काही मिनिटांत रबर जळून वास येतो, मग स्टार कितीही द्या, उपयोग नाही.

ही वस्तू सुचली कशी त्याची गोष्ट मला फार आवडते. आधी जहाजांना लाकडाचं बेअरिंग असायचं, हो लाकडाचं! लिग्नम व्हिटी नावाचं झाड, कॅरिबियन बेटांकडचं, लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं आणि अंगातच डिंकासारखं तेल. १८५० च्या दशकात पंख्याच्या आगबोटी नव्या होत्या, मागची धातूची बेअरिंगं भराभर झिजायची, तेव्हा इंग्लंडच्या जॉन पेनने या लाकडाच्या पट्ट्या लावून पाहिल्या आणि पुढे शंभरेक वर्षं जगभरची जहाजं त्या लाकडावर चालली. मग १९२० च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स शेरवूड म्हणून खाणीतला इंजिनिअर होता, पंपाचं बेअरिंग गेलं आणि हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून त्याने रबरी होजचा तुकडा घातला, तात्पुरता. तो तात्पुरता तुकडा आधीच्या बेअरिंगपेक्षा जास्त टिकला. पुढे गुडरिच कंपनीने, तीच टायरवाली, त्याचा धंदा केला. तात्पुरतं म्हणून लावलेलं कायमचं होणं हे आपल्याला काही नवीन नाही, पण इथे ते चांगल्यासाठी झालं एवढंच.

तर आता मोठ्या भावाकडे. मला हा माल समजला तो खरा नेव्हीच्या पार्टवरून. गल्फमध्ये शिपयार्डला काम केलेली आमच्या भागातली बरीच पोरं आहेत, त्यांच्याशी बोलताना हे डॉक लँडिंग जहाजांचं प्रकरण निघालं आणि मग मी वाचत सुटलो. अमेरिकन नेव्हीत यांना एलएसडी म्हणतात, लँडिंग शिप डॉक, नावावरून हसू नका. पहिलं ॲशलँड, १९४३ साली दुसऱ्या महायुद्धात आलं. आत्ताची पिढी म्हणजे व्हिडबी आयलंड क्लास, पहिलं जहाज १९८५ ला नेव्हीत दाखल, आणि त्यानंतरचा हार्पर्स फेरी क्लास. लांबी ६०९ फूट, रुंदी ८४ फूट, वजन सोळा हजार टनांच्या आसपास. जहाजाच्या पोटात मागच्या बाजूला ४४० फूट लांब आणि ५० फूट रुंद असा हौद आहे, त्याला वेल डेक म्हणतात. किनाऱ्याजवळ आलं की टाक्यांमध्ये समुद्राचं पाणी भरून जहाज मुद्दाम मागून बुडवायचं, मागचा दरवाजा खाली सोडायचा, पाणी आत येतं आणि आतल्या छोट्या बोटी तरंगत बाहेर पडतात, रणगाडे, ट्रक, माणसं सगळं घेऊन. व्हिडबीमध्ये चार मोठी हॉवरक्राफ्ट (हवेच्या गादीवर पळणाऱ्या बोटी) मावतात, हार्पर्स फेरीमध्ये दोनच, कारण तिथे माल ठेवायला जागा वाढवलीय. एकेक हॉवरक्राफ्ट ६० टनाचा माल घेऊन चाळीस नॉटच्या पुढे पळतं.

डोकं कुठे चालतं बघा. जगातल्या बाकी कुठल्याही मोठ्या जहाजाचा कॅप्टन उथळ पाण्यापासून लांब राहतो. या जहाजाचं कामच किनाऱ्याकडे जायचं, आणि तिथे जाऊन वर मागची बाजू आणखी खाली बुडवायची. पंखे मागेच, शाफ्ट मागेच, आणि शाफ्टची बेअरिंगं उघड्या पाण्यात. म्हणजे सोळा हजार टनाचं असलं तरी दुखणं आपल्या ट्रॉलरचंच. हॉवरक्राफ्टमुळे आता पूर्वीइतकं जवळ जावं लागत नाही, लांबूनच सोडता येतात, तो भाग वेगळा.

यांची शाफ्ट लाईन अशी. चार कोल्ट-पिल्स्टिक डिझेल इंजिनं, सोळा सिलिंडरची एकेक, मिळून तेहतीस हजार हॉर्सपॉवर, दोन शाफ्ट, प्रत्येक शाफ्टवर दोन इंजिनं गिअरमधून. पंख्याची पाती फिरवता येणारी, म्हणजे इंजिन एका लयीत ठेवून पात्यांचा कोन बदलून वेग कमीजास्त करायचा, रिव्हर्स पण तसाच. त्यासाठी शाफ्ट पोकळ असतो आणि त्यातून हायड्रॉलिक तेल पंख्याच्या बॉसपर्यंत (मधल्या गाभ्यापर्यंत) जातं. रबर बुशच्या दृष्टीने ही पाती फिरवायची सोय फार कामाची आहे, कारण जहाज हळू चालवायचं असलं तरी शाफ्ट बऱ्यापैकी जोरात फिरत राहतो आणि पाण्याचा थर तुटत नाही. आपल्याकडे हळू म्हणजे इंजिनच हळू, शाफ्ट पण हळू, आणि मग बुश कोकलतो. त्यावर येतोच.

जहाजाच्या आत जी शाफ्टची बेअरिंगं आहेत ती व्हाइट मेटलची (मऊ पांढऱ्या मिश्रधातूची), तेलात चालणारी, आणि पंख्याचा सगळा धक्का घेणारं थ्रस्ट बेअरिंग वेगळं, त्यात तिरप्या होणाऱ्या गाद्या असतात, किंग्जबरी टाइप म्हणतात. ते प्रकरण भारी आहे, अल्बर्ट किंग्जबरीने १९१२ साली पेनसिल्वेनियात होल्टवूडच्या जलविद्युत केंद्रात बसवलेलं बेअरिंग इंजिनिअर लोक अजून दाखल्यासाठी सांगतात. पण ते आज नको, ट्रॉलरला असली चैन नाही, आपला थ्रस्ट गिअरबॉक्सच घेतो.

बाहेर, म्हणजे स्टर्न ट्यूबमध्ये (शाफ्ट जिथून बाहेर पडतो ती नळी) आणि खाली लोंबणाऱ्या स्ट्रटमध्ये (शाफ्टला बाहेर धरणारा पाय), पाण्यातलं रबर. फरक एवढाच की आपल्या दोन इंची बुशमध्ये रबर नळीला आतून सलग चिकटवलेलं, आणि नेव्हीच्या मोठ्या बेअरिंगात रबराच्या सुट्या पट्ट्या, ज्याला स्टेव्ह म्हणतात, ब्राँझच्या घरात शेजारी शेजारी सरकवून बसवतात. अगदी जुन्या लाकडी पट्ट्यांचीच पद्धत, लाकडाच्या जागी रबर आलं. फायदा सरळ आहे, घर तसंच राहतं आणि झिजलेल्या पट्ट्या काढून नव्या घालायच्या. बदलायचा पार्ट म्हणून विकली जाते ती ही पट्टी. एवढ्या मोठ्या बोअरचं ब्राँझ दर वेळी ओतत बसलात तर जहाज डॉकमधून बाहेर कधी येणार?

अमेरिकन नेव्हीचं या रबरासाठी वेगळं स्पेसिफिकेशन आहे, मिल-डीटीएल-१७९०१, आणि वाचून मी थक्क झालो की एवढ्याशा रबराच्या पट्टीला किती अटी लावल्यात. रबर किती कडक, तेलात पाण्यात किती फुगतं, मागच्या पट्टीला किती घट्ट चिकटलंय, घर्षण किती आणि आवाज किती. आवाज का? तर शाफ्ट एकदम हळू फिरताना पाण्याचा थर बनत नाही, रबर शाफ्टला पकडतं सोडतं पकडतं सोडतं आणि किंचाळल्यासारखा आवाज येतो. आपल्याला तो आवाज म्हणजे डोकेदुखी, पण नेव्हीला तो म्हणजे पाण्याखाली सोनार लावून बसलेल्या पाणबुडीला हाक मारून आपला पत्ता सांगणं. म्हणून त्यांच्याकडे ती परीक्षा. बाजारातल्या मालाला ही परीक्षा कोण घेतंय, आम्हीच घेतो, बोट बंदरातून बाहेर काढताना.

याच नादात मी ऑनलाइन पार्ट शोधायला गेलो आणि तिथे जी सर्व्हिस मिळाली तिचाही रिव्ह्यू इथेच टाकतो. नेव्हीच्या प्रत्येक पार्टला तेरा आकडी स्टॉक नंबर असतो. पहिले चार आकडे वर्गाचे, ३१२० असेल तर साधं घासणारं बेअरिंग म्हणजे आपलं बुश आणि पट्टीचं खानदान, ३११० असेल तर गोळ्या-रोलरवालं, ३१३० म्हणजे हाउसिंगसकट. पुढचे दोन आकडे देशाचे, अमेरिकेचे ०० किंवा ०१, भारताचे ७२. मग सात आकडे त्या पार्टचे. पद्धत इतकी सुंदर आहे की आपल्या स्पेअर पार्टच्या दुकानदारांनी निम्मी जरी उचलली तरी माझं आयुष्य वाढेल. पण हे नंबर टाकून पार्ट विकणाऱ्या ज्या साइट आहेत, नाव घेत नाही, तिथे डॉक लँडिंग जहाजाची बेअरिंगं म्हणून पानंच्या पानं यादी आहे आणि एकाही ओळीपुढे किंमत नाही, फोटो नाही, माप नाही. सगळीकडे एकच बटण, कोटेशन मागवा. मागवलं. मग कंपनीचं नाव विचारलं, कुठे वापरणार विचारलं, किती नग विचारलं, आणि सगळं भरून दिल्यावर शांत. काही दिवसांनी एक मेल आला की आमच्याकडे विमानाचे बोल्ट पण मिळतील. धन्यवाद, माझा ट्रॉलर उडत नाही. शून्य स्टार या सर्व्हिसला. अर्थात नेव्हीचा पार्ट परदेशात पाठवायला परवाने लागतात हे मला समजतं, पण मग तसं पहिल्याच ओळीत लिहा ना राव.

तिकडे खुद्द अमेरिकन नेव्हीलाच पार्ट मिळायची मारामार आहे असं दिसतं. अमेरिकेचं हिशेब तपासणारं सरकारी कार्यालय आहे, जीएओ, त्यांचा डिसेंबर २०२४ चा अहवाल आहे या सगळ्या उभयचर (समुद्रातून किनाऱ्यावर फौज उतरवणाऱ्या) ताफ्यावर, त्यात ३२ पैकी १६ जहाजं वाईट अवस्थेत आहेत असं लिहिलंय. निम्मी! दुरुस्त्या पुढे ढकलल्या, जुने सुटे भाग मिळेनात, डिझेलची दुखणी, तीच रड. व्हिडबी आयलंड स्वतः २०२२ मध्ये निवृत्त झालं, फोर्ट मॅकहेन्री त्याच्या आदल्या वर्षी. तिसेक वर्षांपूर्वीचं इंजिन आणि त्याचे पार्ट करणारा बंद झाला की काय होतं ते आपल्याकडे जुनं इंजिन असलेल्या कुणालाही विचारा, फक्त तिथे रक्कम डॉलरमध्ये असते.

आणि आपल्या भारतीय नौदलाचं जलाश्व? ते एलएसडी नाही, एलपीडी म्हणजे लँडिंग प्लॅटफॉर्म डॉक आहे, पण हौद, मागचा दरवाजा, बुडायची युक्ती सगळी तीच. आधीचं नाव यूएसएस ट्रेंटन, १९७१ चं, सिॲटलच्या लॉकहीड यार्डात बांधलेलं, म्हणजे व्हिडबी क्लासची पहिली तीन जिथे झाली तेच यार्ड. आपण ते २००७ साली सेकंडहँड घेतलं, जवळपास ४ कोटी ८० लाख डॉलरला, आणि कॅगने त्यावर ताशेरेही मारले. छत्तीस वर्षं वापरलेली, स्टीम टर्बाइनवर चालणारी बोट घेतली की पार्टचा प्रश्न येणारच. पण करोनात मे २०२० मध्ये मालदीवमध्ये अडकलेल्या ६९८ लोकांना कोचीला आणलं ते याच जहाजाने, त्यामुळे मी त्याला शिव्या देणार नाही. २०१९ ला विशाखापट्टणम-काकीनाडाला अमेरिकेबरोबर टायगर ट्रायम्फ सराव झाला तेव्हा तिकडून आलेलं जर्मनटाउन हे व्हिडबी क्लासचंच. आणि आता तर माझगाव डॉकने २०२३ मध्ये अमेरिकन नेव्हीशी जहाजदुरुस्तीचा करार केलाय, म्हणजे त्यांची जहाजं मुंबईत डागडुजीला येऊ शकतात. आली आणि रबराच्या पट्ट्या बदलायचं काम निघालं तर आमच्या कोकणातल्या फिटरचे हात त्याला लागतील अशी आशा धरायला हरकत नाही.

बरं, परत आपल्या दोन इंची मालाकडे, कारण विकत तर तुम्ही तेच घेणार आहात.

घेताना काय बघायचं. पहिलं म्हणजे शाफ्टचं माप दुकानदाराला तोंडी सांगू नका. दोन इंची म्हटलेला शाफ्ट टर्न करून करून पावणेदोनच्या वर कुठेतरी लटकलेला असतो, आणि वर कुणी ५० मिलीमीटर सांगतं, ते दोन इंचाला कमीच पडतं, दोन इंच म्हणजे ५०.८. मायक्रोमीटर लावा, तीन ठिकाणी लावा. शाफ्ट घासलेला असेल तर नवीन बुश घालून उपयोग नाही, आधी शाफ्ट किंवा त्यावरचा स्लीव्ह नीट करा. दुसरं, बाहेरचं माप. एकाच शाफ्टला बाहेरून दोन-तीन वेगवेगळ्या मापांत बुश येतो, जुना काढून त्याचं माप घ्या. लांबी शाफ्टच्या चौपट हा जुना नियम, दोन इंचाला आठ इंच. आखूड घालून पैसे वाचवणारे आहेत, ते पुढच्या वर्षी परत येतात.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, रबर पितळेला कसं चिकटलंय. माझा एक स्टार इथे गेलाय. मुंबईच्या एका दुकानातून आणलेल्या मालात टोकाला रबराची कड नखाने उचलली जात होती. दुकानदार म्हणे पाण्यात गेलं की बसेल. पाण्यात गेलं की बसत नाही, पाण्यात गेलं की पाणी त्या फटीतून रबराच्या मागे शिरतं, रबर फुगून शाफ्टला आवळतं आणि सुटलं तर गुंडाळून शाफ्ट जाम. परत पाठवला, पैशाऐवजी दुसरा माल घ्या म्हणाले, तो बरा निघाला म्हणून विषय संपवला. दोन्ही टोकांना नख लावून बघा, खाचांच्या आत बघा, रबरात बुडबुडे दिसतात का बघा. आणि नायट्राइल रबर आहे ना हे विचारा, साधं रबर बिल्जच्या (बोटीच्या तळाशी साचणाऱ्या पाण्यातल्या) डिझेल-ऑइलने फुगतं.

बसवताना हातोडा लावणारा माणूस दिसला तर त्याला चहाला पाठवा. पितळेची नळी पातळ असते, ठोकली की आतून लंबगोल होते. बुश बर्फात ठेवायचा, चांगला गार करायचा, पितळ आकसतं, मग हाताने किंवा प्रेसने सरकवायचा. आपल्याकडे बर्फाची काय कमी, बंदरावर ट्रकने येतो. वंगण म्हणून साबणाचं पाणी. ग्रीस अजिबात नाही, खाचा बुजतात, आणि आपल्याकडे जुन्या सवयीने ग्रीस कप तसाच ठेवून वरून दाबत राहणारे तांडेल आहेत, त्यांना समजवायला रबर बुशपेक्षा जास्त मेहनत लागते. मी सरळ कपच काढून तिथे प्लग मारतो. बाहेरून अडकवायचा स्क्रू असतो तो टेकवण्यापुरता, पितळेत छोटा खड्डा पाडून त्यात बसवायचा, आवळून नळी आत दाबली की तिथे शाफ्ट घासणार.

पाणी आत यायची वाट मोकळी हवी. स्टर्न ट्यूब लांब असेल तर पुढच्या टोकाला पाणी पोचत नाही, तिथे इंजिनच्या कूलिंगमधून एक पाईप द्या. शिंपले आणि काकई वाढून तोंड बुजलं की तेच, पाणी बंद आणि रबर जळलं. बोट खूप दिवस वर कोरड्यात असेल तर रबर शाफ्टला चिकटून बसतं, म्हणून १ जूनला बंद झालेली बोट ऑगस्टमध्ये काढताना एकदम स्टार्टर मारू नका, आधी साबणाचं पाणी सोडा आणि शाफ्ट हाताने फिरवा. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला तसं इथे दोन तांबे पाणी सोडा की.

आणि अलाइनमेंट. लाकडी बोट वर असताना एका आकारात आणि पाण्यात गेल्यावर वेगळ्या आकारात असते, त्यामुळे वर असताना कपलिंग जुळवलं तरी पाण्यात उतरवून, लाकूड भिजू देऊन, मग कपलिंग सोडून परत फीलर गेज लावायचा. हे कुणी करत नाही कारण पाण्यात उतरली की मालकाला मासळी दिसायला लागते. मग बुश एका बाजूने झिजतो आणि शिव्या रबराला. एका बाजूने झिजलेला बुश आला की मी बुशकडे बघतच नाही, आधी इंजिनच्या पायाचे बोल्ट बघतो.

बदलायचा कधी? दोन इंची शाफ्टला मी दीड मिलीमीटरच्या आसपास ढिलाई आली की बदलायला सांगतो, बोट वर असताना पंखा धरून वरखाली उचलून बघा, अंदाज येतो. त्याच्या पुढे गेलं की पंखा थरथरतो आणि ग्लँडची डोरी (शाफ्टभोवती पाणी अडवणारं पॅकिंग) रोज आवळावी लागते, मग पाणी आत, पंप चालू, डिझेल जाळा.

आवाजाचं राहिलं. हळू वेगात, म्हणजे जेटीला लागताना, नवीन बुश कधी कधी चिरकतो. थोडे दिवस वापरून कमी होतो, कधी होत नाही. होत नसेल तर अलाइनमेंट किंवा क्लिअरन्स कमी आहे असं समजा. एका खलाशाने मला सांगितलं की आवाज आला की मासे पळतात, त्यात किती तथ्य माहीत नाही पण मालकाने तेवढ्यावरून माझं बिल अडवून धरलं.

पर्याय म्हणून थॉर्डनसारखी पॉलिमरची बेअरिंगं आहेत, कॅनडाची कंपनी, ऑन्टारिओमधल्या बर्लिंग्टनची, मोठ्या जहाजांत आणि नेव्ह्यांत पण जातात. कोरड्यात थोडा वेळ रबरापेक्षा जास्त सहन करतात, आवाज कमी, लेथवर हव्या त्या मापाला टर्न करता येतात, आणि हा शेवटचा मुद्दा आपल्याकडच्या वेड्यावाकड्या मापांच्या शाफ्टला फार उपयोगी. पण किंमत बघून आमच्या मालकांचा चेहरा उतरतो. मोठी फायबरची बोट असेल, बाराही महिने चालणारी पॅसेंजर लॉन्च असेल तर तिकडे जा. गनमेटल मी आता फक्त तिथे सुचवतो जिथे पाणी स्वच्छ आहे, मालक रोज न चुकता ग्रीस दाबणारा आहे आणि जवळ चांगला टर्नर आहे, असं तिन्ही एकत्र मला अजून मिरकरवाड्यात सापडलेलं नाही.

मागवताना बिलावर शाफ्टचं माप, बाहेरचं माप, लांबी आणि रबर कुठलं हे चारही लिहून घ्या, नाहीतर परत पाठवताना दुकानदार म्हणतो तुम्हीच हे मागितलं होतं. आणि ऑर्डर मे महिन्यातच टाका, जूनमध्ये सगळ्या बोटी एकदम वर येतात आणि दोन इंची बुश मुंबईपासून मालवणपर्यंत कुठेच मिळत नाही.